शाळेचा झोन बदलला तेव्हाची गोष्ट

डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की २०२१ च्या जुलैमध्ये पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला राहायला आलो आणि अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं तुम्हाला कुठला स्कूल डिस्ट्रिक्ट हवाय, तेव्हा मी सरळ काउंटीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या नाही नाही, काउंटी वेगळी, सिटी वेगळी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळा, आमच्या ह्या रस्त्याच्या अलीकडे एक डिस्ट्रिक्ट आणि पलीकडे दुसरा, पत्ता मात्र दोन्हीकडे एकाच गावाचा. मला तेव्हा काहीही कळलं नाही. त्यानंतर मधल्या वर्षांत मुलांच्या शाळा बदलल्या, झोन, म्हणजे कुठल्या घरांची मुलं कुठल्या शाळेत ते ठरवणारी हद्द, तो बदलला, एकदा बोर्डासमोर उभी राहून बोलले, आणि त्यातून जे हळूहळू उलगडत गेलं ते लिहून ठेवतेय, कारण इकडे नवीन येणारे आपले लोक शाळेचं रेटिंग बघून घर घेतात आणि पुढे झोन बदलला की मग धावाधाव सुरू होते, आमचं पण तेच झालं. आमच्या डिस्ट्रिक्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथल्या सगळ्याच वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये साधारण असंच चालतं.

टेक्ससमध्ये ह्याला इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात, बोलताना सगळे आयएसडी म्हणतात. त्यातला इंडिपेंडंट शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. मेयरचा शाळेशी संबंध नाही, काउंटीचा नाही. स्वतःची हद्द, स्वतःचा टॅक्स, स्वतःच्या बस, स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड. असे एका टेक्ससमध्ये हजाराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत आणि सगळ्यांत मिळून ५० लाखांच्या वर मुलं. हद्द गावाच्या हद्दीशी जुळतेच असं नाही, फ्रिस्को आयएसडीचंच बघा, त्यात फ्रिस्को गाव तर येतंच पण प्लेनो, मॅकिनी आणि लिटल एल्मचेही तुकडे येतात.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ३१ वर्षं नोकरी केली. त्यांना फोनवर हे सगळं सांगत होते तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा, "मग बदल्या कोण करतं तिकडं?" मी म्हटलं अण्णा, बदल्याच नाहीत, शिक्षक ह्या डिस्ट्रिक्टचा नोकर, पटलं नाही तर तो स्वतः दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये अर्ज करतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असं काही?" तर त्याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नव्हतं, आता येतं. सगळ्यात वर बोर्ड ऑफ ट्रस्टीज, बहुतेक ठिकाणी सात जण, लोकांनी निवडलेले आणि त्यांना पगार नसतो, कायद्यातच तसं आहे. हे सात जण शाळा चालवत नाहीत, ते एक सुपरिंटेंडेंट नेमतात आणि धोरण, बजेट आणि टॅक्सचा दर ठरवतात. सुपरिंटेंडेंटच्या हाताखाली असिस्टंट सुपरिंटेंडेंट, कुणाकडे शिकवणं, कुणाकडे बिल्डिंग आणि बस, कुणाकडे पैसा, मग प्रत्येक शाळेचा प्रिन्सिपल. आणि ह्या सगळ्यांच्या वर ऑस्टिनला राज्याची टेक्सस एज्युकेशन एजन्सी, टीईए, अभ्यासक्रमाचे नियम आणि तिसरीपासूनची स्टार परीक्षा राज्याची. म्हणजे काय शिकवायचं ते राज्य ठरवतं, कुठल्या बिल्डिंगमध्ये आणि कुणाच्या मुलाला ते डिस्ट्रिक्ट ठरवतो. हे मला आधी कळलं असतं तर माझे निम्मे ईमेल चुकीच्या माणसाला गेले नसते.

असो. तर ॲडमिशन. मुलगी दुसरीत आणि मुलगा किंडरगार्टनला. १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण पाहिजेत, हा ऑगस्टचा म्हणून बसला. कागद काय लागले तर भाड्याचं लीज, लाइटचं बिल, आमचे पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि लसीचं कार्ड. सगळं लस कार्डावर अडतं, हे येणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे गोवरची लस नवव्या महिन्यात देतात, टेक्ससमध्ये पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला तो डोस धरतच नाहीत. पंधराव्या महिन्याचा धरला, नवव्याचा नाही, म्हणजे मुलाचा एमएमआरचा एकच डोस भरला आणि शाळेला दोन पाहिजेत. मुलीला पाच वर्षांची असताना तिसरा दिलेला होता म्हणून ती सुटली. पुण्याच्या डॉक्टरांच्या अक्षरातलं ते पिवळं कार्ड शाळेच्या नर्सनी भिंगाशिवाय वाचलं, एकेका तारखेवर पेनाने टिक करत गेल्या, बीसीजी आणि टायफॉइडवर आल्यावर म्हणाल्या ह्या आम्हाला नको आहेत पण असू देत, आणि एमएमआरपाशी थांबून म्हणाल्या हा एक देऊन आणा, मग झालं.

मग एक कागद आला होम लँग्वेज सर्व्हे म्हणून. घरात बहुतेक वेळा कुठली भाषा बोलता आणि मूल बहुतेक वेळा कुठली भाषा बोलतं. एवढंच. ओळखीतल्या दोघींनी आधीच सांगून ठेवलं होतं, इंग्लिश लिही हां, नाहीतर मुलांना ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्यांच्या वर्गात टाकतात. मी पेन हातात धरून पाच मिनिटं बसले. आणि मराठी लिहिलं, दोन्ही ठिकाणी, दोघांच्याही फॉर्मवर. खोटं कशाला लिहायचं, आमच्या घरात मराठीच बोलतात. असं लिहिलं की चार आठवड्यांच्या आत मुलाची भाषेची टेस्ट घेतात, मग एलपीएसी नावाची कमिटी बसते, त्यात एक पालकही असतो, आणि ठरवतात की मुलाला मदत लागेल की नाही, आणि त्यावर आईवडिलांची सही मागतात, नको असेल तर नको म्हणता येतं. मुलगा लहान, त्याचं फक्त ऐकणं-बोलणं तपासलं, तो पास झाला. मुलीचं वाचणं-लिहिणं पण तपासलं आणि ती थोडक्यात राहिली. मी सही केली. ईएसएलच्या मिस तिला आणि आणखी चार मुलांना रोज वेगळ्या टेबलावर घेऊन बसायच्या, एक तेलुगू, एक कोरियन आणि दोन स्पॅनिश बोलणारी, आणि त्या वर्षभरात माझी बुजरी मुलगी जेवढी बोलती झाली तेवढी मोठ्या वर्गात झाली नसती. ह्या मुलांसाठी राज्याकडून डिस्ट्रिक्टला वरचे पैसे मिळतात, म्हणजे इंग्लिश लिहून आपण कुणाचं भलं करत नाही.

शाळा सुरू व्हायला तीन दिवस उरले आणि रजिस्ट्रारचा फोन आला. किंडरगार्टन भरलं. टेक्ससमध्ये किंडरगार्टन ते चौथीपर्यंत एका वर्गात २२ मुलं हा कायदा आहे, त्यावर घ्यायची तर राज्याची सूट मागावी लागते, आणि इथे जुलै-ऑगस्टमध्ये रोज नवीन कुटुंबं येत असतात. आमच्या अपार्टमेंटची शाळा अर्ध्या मैलावर, मुलगी तिथेच राहील पण मुलगा ओव्हरफ्लोला, तीन मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत, बस मिळेल. मी रडकुंडीला आले होते. पाच वर्षांचं पोर, देश नवीन, इंग्लिश बोलायला बिचकणारं, आणि बहीण एका शाळेत हा दुसऱ्या. पहिल्या दिवशी दुपारी मी बसच्या वाटेकडे डोळे लावून अपार्टमेंटच्या पुढच्या गेटवर उभी आणि बस थांबली मागच्या गेटवर. किंडरगार्टनच्या मुलाला घ्यायला मोठं माणूस नसेल तर ड्रायव्हर उतरवत नाही, परत शाळेत नेतो. ते बरोबरच आहे. पण मला ते माहीत नव्हतं, मी पळत मागच्या गेटला पोचले तर पिवळ्या बसची पाठ दिसत होती आणि शेवटच्या खिडकीत त्याचं डोकं. शाळेत गेले तर ऑफिसमधल्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता, गळ्यातल्या दोरीला मोठा कागदी टॅग, त्यावर नाव आणि बस नंबर. डोळे रडून लाल झालेले. "आई तू दुसऱ्या दारात का उभी राहिलीस," एवढंच म्हणाला.

तेव्हा मी प्रिन्सिपलला तीन लांब ईमेल लिहिले. आमच्या अपार्टमेंटमध्ये एक काका राहायचे, नागपूरचे, तीस वर्षांपासून टेक्ससमध्ये, मुलीच्या घराजवळ म्हणून भाड्याने राहायला आले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, प्रिन्सिपलला कशाला लिहितेस, ती काय करणार? कॅप, म्हणजे वर्ग भरला की लावतात ती मर्यादा, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून लागते, झोन बोर्ड ठरवतं. दार चुकलंय तुझं." हे दार चुकलंय मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला म्हटलंय. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर एक कुटुंब गाव सोडून गेलं, जागा झाली आणि मुलगा बहिणीच्या शाळेत आला.

२०२२ मध्ये आम्ही घर घेतलं, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये पण वेगळ्या भागात, नवीन सबडिव्हिजन, म्हणजे बिल्डरने एकत्र बांधलेली वसाहत, समोर अजून मक्याचं शेत. शाळा पाऊण मैल, रेटिंग चांगलं, आम्ही खूश. पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं तेव्हा मी ते ओळ न् ओळ वाचलं. सिटीची एक ओळ, काउंटीची एक, कम्युनिटी कॉलेजची एक, आणि शाळेची, शाळेची एकटी बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठी. टेक्ससमध्ये इन्कम टॅक्स राज्याचा नाही, शाळा घरांच्या टॅक्सवर चालतात. आणि शाळेच्या दरात परत दोन भाग असतात, एक एम अँड ओ आणि एक आय अँड एस. हे दोन समजले की अर्धं भांडण समजतं म्हणून जरा थांबून लिहिते.

एम अँड ओ म्हणजे रोजचा खर्च, शिक्षकांचे पगार, वीज, बसचं डिझेल. आय अँड एस म्हणजे कर्जफेड, बिल्डिंग बांधायला बॉंड काढतात त्याचं व्याज आणि मुद्दल. बॉंडच्या पैशातून पगार देता येत नाही, चालतच नाही कायद्याने. आणि एम अँड ओवर राज्याचा डोळा असतो, श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या ह्या पैशातला काही भाग राज्य काढून घेतं, रिकॅप्चर म्हणतात, लोक रॉबिनहूड म्हणतात, १९९३ पासून आहे, प्लेनोसारख्या डिस्ट्रिक्टनी ह्यात भरपूर पैसे दिलेत. आय अँड एसचे पैसे मात्र गावातच राहतात. म्हणून होतं काय की नवीन शाळेची इमारत काचेची, स्टेडियम डोळे दिपवणारं, शेजारच्या ॲलन गावाचं २०१२ मधलं स्टेडियम ६ कोटी डॉलरचं, १८,००० लोक बसतात, आणि त्याच वेळी शिक्षिका स्वतःच्या पैशाने वर्गासाठी टिश्यूचे डबे आणतात. लोक चिडतात की स्टेडियमला पैसे आहेत आणि पगाराला नाहीत, पण ते दोन वेगळे गल्ले आहेत. राज्य एका मुलामागे जो मूळ आकडा धरतं तो २०१९ पासून ६,१६० डॉलर होता, महागाई कुठल्या कुठे गेली, २०२५ मध्ये त्यात ५५ डॉलर वाढले. शिक्षकांसाठी वेगळे पैसे दिले त्या वर्षी, ते खरं आहे, पण मूळ आकड्यात ५५. मला हे फार लागतं, अण्णांचा पगार किती महिने उशिरा यायचा ते मी पाहिलंय.

आणखी एक, पैसे पटावरच्या मुलांवर मिळत नाहीत, हजर मुलांवर मिळतात. रोज एका ठरलेल्या वेळी हजेरी घेतात आणि तेवढीच डोकी ऑस्टिनला मोजली जातात. आपण डिसेंबरात सहा आठवडे भारतात जातो ना, ते डिस्ट्रिक्टच्या खिशातून जातं, आणि मुलाची हजेरी ९० टक्क्यांखाली गेली की क्रेडिटचा, म्हणजे वर्ष धरायचं की नाही ह्याचा, प्रश्न येतो तो वेगळाच. आम्ही आता उन्हाळ्यातच जातो, आंबे पण मिळतात शेवटचे.

आता वाढ म्हणजे काय ते सांगते. फ्रिस्को गावची लोकसंख्या १९९० च्या जनगणनेत सहा हजारांच्या थोडी वर होती, २०२० मध्ये २,००,५०९. एवढी माणसं आली की शाळा कशा मांडायच्या ह्याची इथल्या शेजारशेजारच्या डिस्ट्रिक्टनी अगदी वेगवेगळी उत्तरं काढलीत. ॲलनने ठरवलं एकच हायस्कूल, अख्ख्या गावाचं, पाच हजारांच्या आसपास मुलं एका छताखाली, सगळं गाव एका टीमच्या मागे. प्लेनोने नववी-दहावीचं हायस्कूल वेगळं आणि अकरावी-बारावीचं सीनियर हायस्कूल वेगळं केलं. फ्रिस्कोने ठरवलं हायस्कूल लहान ठेवायची, दोन हजारांच्या थोडी वर मुलं झाली की नवीन बांधायचं, आता बारा हायस्कूल आहेत. ह्यात मुलांना फायदा असा की बारा शाळा म्हणजे बास्केटबॉलच्या बारा टीम, बारा बँड, म्हणजे जास्त मुलांना उभं राहायला जागा. तोटा असा की सतत नवीन शाळा आणि प्रत्येक नवीन शाळेबरोबर नवीन झोन. आणि झोन हायस्कूलपर्यंत धावतो कारण टेक्ससमध्ये १९९७ चा कायदा आहे, आपल्या शाळेतल्या वरच्या १० टक्क्यांत आलं की सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश, ऑस्टिनच्या टेक्सस युनिव्हर्सिटीत ते आता ५ टक्क्यांवर आलंय. म्हणून आपले लोक दुसरीतल्या पोराचा झोन बदलला तरी बारावीपर्यंतचं गणित मांडून बसतात.

आणि वाढ कायम नसते हे पण बघून ठेवा. प्लेनोमध्ये मुलं मोठी झाली, घरं महाग झाली, नवी लहान मुलांची कुटुंबं येईनात, २०२४ मध्ये बोर्डाने चार शाळा बंद करायचं ठरवलं. फ्रिस्कोतही तोच वारा लागलाय, पट कमी व्हायला लागलाय. त्याच वेळी उत्तरेला प्रॉस्पर आणि सलाइनाकडे शेतंच्या शेतं घरांनी भरतायत, प्रॉस्परने २०२३ मध्ये २.८ अब्ज डॉलरच्या आसपासचं बॉंडचं मतदान घेतलं, शाळांचे पैसे लोकांनी पास केले आणि नवीन स्टेडियमचं तेवढं पाडलं.

आमच्याकडे २०२३ च्या सप्टेंबरात ईमेल आला. नवीन एलिमेंटरी, म्हणजे पाचवीपर्यंतची शाळा, पुढच्या ऑगस्टला उघडणार, आम्ही इथे यायच्या आधी पास झालेल्या बॉंडच्या पैशातून बांधलेली, आणि आमची शाळा ओसंडून वाहतेय, मागच्या मैदानात सहा पोर्टेबल, म्हणजे ते लाकडी पायऱ्यांचे ट्रेलरसारखे वर्ग, पाऊस आला की मुलं छत्री घेऊन बाथरूमला जायची. रिझोनिंग होणार. दोन नकाशे जोडले होते, ऑप्शन ए आणि ऑप्शन बी, सगळं गाव छोट्या छोट्या तुकड्यांत कापलेलं, प्रत्येक तुकड्याला नंबर. आमची सबडिव्हिजन दोन्ही नकाशांत नवीन शाळेत गेलेली. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशे मेसेज आले. कुणी म्हणालं रेटिंग नाही नवीन शाळेला, घराची किंमत पडणार. कुणी म्हणालं बिल्डरने लिहून दिलं होतं. बिल्डर काहीही लिहू दे, झोन त्याच्या हातात नसतो.

डिस्ट्रिक्टने एका संध्याकाळी शाळेच्या कॅफेटेरियात माहिती द्यायला बोलावलं. तिथे मी पहिल्यांदा डेमोग्राफर नावाचा माणूस पाहिला. वाढते डिस्ट्रिक्ट असा माणूस नेमतात, तो बिल्डरकडून किती प्लॉट, किती पाया खणलेत, किती घरांत लोक राहायला आले हे सतत गोळा करतो आणि एका घरामागे किती मुलं धरायची त्याचा हिशोब मांडतो. त्याने पडद्यावर विमानातून काढलेले फोटो दाखवले, आमच्या समोरचं मक्याचं शेत होतं तिथे खडूसारख्या पांढऱ्या रेघा, रस्ते आखलेले. म्हणाला इथे तीन वर्षांत इतकी घरं, म्हणजे इतकी मुलं, आत्ता तुम्हाला जुन्या शाळेत ठेवलं तर तीन वर्षांनी परत हलवावं लागेल. मला त्याचं पटलं. मनात राग घेऊन गेले होते पण आकडे समोर ठेवून माणूस शांतपणे सांगत होता, आणि निकष पण भिंतीवर लावलेले, शाळा जवळ असावी, एक सबडिव्हिजन फोडू नये, एलिमेंटरीची मुलं शक्यतो एकत्र एकाच मिडल स्कूलला जावीत, आणि वाढायला जागा राहावी. हे चारही एका वेळी जमत नाहीत, एक धरलं की दुसरं सुटतं.

मला एकच गोष्ट खटकली. नवीन शाळा अंतराने दोन मैलांच्या आत, आणि राज्य बसचे नेहमीचे पैसे दोन मैल आणि त्यापलीकडे राहणाऱ्या मुलांसाठी देतं, म्हणजे आमच्या मुलांना बस नाही, आणि मधे सहा लेनचा रस्ता. माझा नवरा म्हणाला चल मोजू. आम्ही आलटूनपालटून आठ दिवस सकाळी सात ते पावणेआठ त्या चौकात उभे राहिलो, मी वहीत रेघा मारत होते. सिग्नल चालणाऱ्यांना २२ सेकंद देत होता. पाठीवर दप्तर घेऊन सात वर्षांच्या मुलाला घेऊन मी स्वतः चालून बघितलं, दुभाजकापर्यंत पोचलो आणि लाल झाला. उजवीकडे वळणाऱ्या ट्रकवाल्याने थांबून हाताने जा म्हटलं म्हणून गेलो.

काकांना फोन केला. म्हणाले, "सिग्नल आणि क्रॉसिंग गार्ड सिटीकडे, तिकडे वेगळा अर्ज कर. बस डिस्ट्रिक्टकडे. धोक्याचा रस्ता असेल तर दोन मैलांच्या आत पण बस देता येते, बोर्डाला तसा नियम करावा लागतो, तो आहे का बघ. आणि बोलायला जा तिथे. मत नाही देता येत तुला, बोलता येतं." हे खरंच आहे, व्हिसावर असल्यामुळे आम्ही टॅक्स पूर्ण भरतो पण बोर्डाच्या निवडणुकीत आणि बॉंडला मत नाही, ते फक्त सिटिझनला. शेजारच्या तेलुगू ताई सिटिझन आहेत, त्यांनी बॉंडची मतपत्रिका दाखवली होती एकदा, त्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की ही प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ आहे, दर वाढणार नसला तरी ते वाक्य छापावंच लागतं, २०१९ पासूनचा कायदा आहे. ते वाचून बरेच जण तिथेच नाही करतात.

बोर्डाची मीटिंग डिसेंबरात होती. अजेंडा तेव्हा ७२ तास आधी लागायचा, त्यात रिझोनिंग होतं, मी नाव नोंदवलं, कार्डावर नाव, पत्ता, कुठल्या विषयावर. तीन मिनिटं मिळतात. साडी नेसू का असं एकदा मनात आलं होतं, मग ऑफिसचाच ड्रेस घातला. माझ्या आधी नऊ जण बोलले, बरेचसे रेटिंगवर आणि घराच्या किमतीवर. समोर सात जण अर्धगोलात, माइकशेजारी छोटा दिवा, हिरवा, पिवळा, लाल. माझा आवाज पहिल्या वाक्याला थरथरला. मी रेटिंगचा शब्द काढला नाही. म्हटलं आम्हाला नवीन शाळा मान्य आहे, फक्त हा चौक बघा, आणि वहीतले आकडे वाचले, किती मुलं, कुठल्या वेळी, २२ सेकंद, माझा मुलगा कुठपर्यंत पोचला. दिवा पिवळा झाला तेव्हा माझं शेवटचं वाक्य चालू होतं. खाली बसले. कुणी काही बोललं नाही, पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. घरी येताना गाडीत मला फार वाईट वाटलं, एवढं बोलले आणि एक शब्द उत्तर नाही. पब्लिक कॉमेंटला बोर्ड उत्तर देत नाही ही पद्धतच आहे हे नंतर समजलं, आणि अजेंड्यावर नसलेला विषय असेल तर ओपन मीटिंग्ज कायद्यामुळे त्यांना चर्चा करताच येत नाही. पण ऐकत असतात. एक ट्रस्टी बाई लिहून घेत होत्या हे मी पाहिलं होतं.

आठवड्याने बस विभागातून फोन आला, एक माणूस त्या चौकात येऊन उभा राहणार होता, मी बरोबर येते का विचारलं. गेले. तो पण २२ सेकंद मोजून गेला. जानेवारीत बोर्डाने नकाशा पास केला, आमची सबडिव्हिजन नवीन शाळेतच गेली, सातपैकी सात मतांनी, पण आमच्या चार गल्ल्यांना धोक्याचा मार्ग म्हणून बस मिळाली. सिटीच्या अर्जाचं उत्तर मार्चमध्ये आलं, सिग्नलची वेळ वाढवली, गार्ड नाही.

एक गोष्ट उरली होती. पाचवीत जाणाऱ्या मुलांना जुन्याच शाळेत शेवटचं वर्ष करायची मुभा होती, ग्रँडफादरिंग म्हणतात, फक्त बस मिळत नाही आणि भावंडांना ती मुभा नाही. म्हणजे परत तेच, मुलगी एका शाळेत आणि मुलगा दुसऱ्या. आम्ही तिच्यावर सोडलं. तिच्या मैत्रिणी सगळ्या तिथेच थांबणार होत्या. तिने दोन दिवस घेतले आणि मग जेवताना म्हणाली मी नवीन शाळेत जाते, ह्याला बस कुठे थांबते ते कळत नाही. मुलगा म्हणाला मला कळतं आता. ती म्हणाली हो, तरी.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पालकांचं ऐकतात म्हणजे, आपल्याकडं शाळा व्यवस्थापन समिती असते तसं काही?" २००९ च्या आरटीई कायद्यात आपल्याकडेही त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, अण्णांच्या शाळेत होती, सह्या घ्यायला ते स्वतः घरोघर फिरायचे, वावरात जाऊन अंगठे आणायचे. म्हणाले, "यायचे नाहीत गं लोक. आले असते तर कौलं लवकर बदलली असती." इथेही प्रत्येक शाळेत कमिटी असते, त्यात शिक्षकांबरोबर पालकही असतात, कायद्यानेच. नवीन शाळेच्या कमिटीसाठी मी नाव दिलंय असं सांगितलं तर पलीकडून नुसतं हं ऐकू आलं, पण त्यांनी ते आईला लगेच सांगितलं, फोन चालू असतानाच.

एप्रिलमध्ये नवीन शाळेच्या प्रिन्सिपलने येणाऱ्या सगळ्या मुलांना जुन्या शाळेच्या जिममध्ये बोलावून शाळेचा मॅस्कॉट आणि रंग ठरवायला मतदान घेतलं. कागदाच्या चिठ्ठ्या आणि पुठ्ठ्याचा खोका, पालक मागे भिंतीला टेकून उभे. मुलीने चिठ्ठी चार वेळा दुमडली. मुलगा खोक्यात हात घालून चिठ्ठी तळाला गेली की नाही ते बघत होता, त्याला मिसनी हळूच बाजूला घेतलं. बिबट्या आणि ससाणा होते, ससाणा निवडून आला, रंग निळा आणि राखाडी. दोघांनी कशाला मत दिलं ते अजून सांगितलेलं नाही.